पाणाड्याला खात्री असते, भूवैज्ञानिकाला शंका का असते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शेतात बोअर घ्यायचा आहे. गावच्या पाणाड्याने तळहातावर नारळ धरून शेत पालथं घातलं, एका जागी नारळ उभा राहिला आणि त्याने छातीठोकपणे सांगितलं, "दीडशे फुटांवर तीन इंच पाणी, लिहून घ्या." मग भूवैज्ञानिकांना आणलं. त्यांनी अर्धा दिवस तारा ओढल्या, शेजारच्या विहिरींत डोकावून पाहिलं आणि जाताना म्हणाले, "जागा बरी आहे, पाणी लागायला हरकत नाही, पण खात्री देता येणार नाही." वडील विचारतात, ज्याला स्वतःलाच खात्री नाही त्याचं कशाला ऐकायचं? मुलाला पडलेला प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ज्याच्याकडे ज्ञान जास्त, त्याच्याकडे खात्री कमी कशी?

दख्खनच्या खडकात पाण्याच्या जागा शोधण्यात माझी नोकरी गेली आणि निवृत्तीनंतरही तेच चालू आहे. वडिलांचा प्रश्न मला रास्त वाटतो. बोअरचा पैसा बहुतेक वेळा कर्जाचा असतो आणि तो एकदा जमिनीत गेला की परत येत नाही. अशा वेळी "हरकत नाही" हे उत्तर कुणालाही पोकळ वाटेल. ते पोकळ आहे की नाही हे ओळखता येतं. त्यासाठी आधी त्या शंकेचा उगम कुठे आहे ते बघावं लागेल, आणि तो खडकात आहे.

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बेसॉल्टने व्यापला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहत आला, थिजला, त्यावर दुसरा आला, असे थरावर थर साचत गेले. प्रत्येक थराचा वरचा भाग बहुधा सच्छिद्र असतो. लाव्ह्यातले वायू निघून गेल्यावर उरलेली ती भोकं, त्यांत पुढे पांढरे खडे तयार झालेले. या खडकाला बऱ्याच ठिकाणी मांजऱ्या म्हणतात. त्याखाली घट्ट काळा पाषाण. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीची पट्टी असते, तिला आपण गेरू म्हणतो. घट्ट पाषाणात पाणी मावत नाही. ते मावतं वरच्या झिजलेल्या मुरमात, मांजऱ्यात, दोन थरांच्या सांध्यात आणि भेगांत. तिथेही फार नाही. भूजलाचा हिशेब करताना झिजलेल्या बेसॉल्टकडून साधारण २ टक्के पाणी मिळेल असं धरतात, म्हणजे भिजलेल्या १०० घनमीटर खडकातून २ घनमीटर. जमिनीखाली नदी वाहते आहे आणि तिच्यावर नेमका बोअर बसवायचा आहे, ही पाताळगंगेची कल्पना आपल्या खडकाला लागू होत नाही.

आता या माहितीतून काय सांगता येतं? बरंच काही. मे महिन्यात शेजारच्या एखाद्या उघड्या विहिरीच्या काठावर उभं राहा. बांधीव कडं संपलं की खाली खडकाचे थर स्पष्ट दिसतात. वर दहा-बारा फूट मुरूम, खाली भेगाळलेला खडक, मग कुठेतरी हातभर जाडीची तांबडी पट्टी. त्या पट्टीच्या बरोब्बर वर खडक ओला दिसतो, शेवाळ धरलेलं असतं, एखादं पिंपळाचं रोप मुळं रोवून बसलेलं असतं. गेरूतून पाणी सहजी खाली उतरत नाही, ते पट्टीवरून आडवं सरकतं आणि विहिरीत पाझरतं. पुढच्या विहिरीतही तीच पट्टी शोधा. आपल्याकडे लाव्ह्याचे थर बव्हंशी आडवे पडलेले आहेत, त्यामुळे पट्टी साधारण त्याच पातळीत सापडते. तुमचं शेत त्या विहिरीपेक्षा पंधरा फूट उंचावर असेल तर तुमच्याकडे ती पंधरा फूट जास्त खोलीवर मिळेल. हे मी पाणाड्याइतक्याच ठामपणे सांगेन, आणि का सांगतो हे बोट ठेवून दाखवेन.

पण त्या खोलीवर सांधा मोकळा आहे की मातीने गच्च भरलाय, तिथून जाणारी भेग तुमच्या बोअरला भेटते की हातभर बाजूने निघून जाते, हे वरून कळत नाही. बोअर म्हणजे साडेसहा इंचांचं भोक. शेत एकराचं. थर सांगता येतो, भेग सांगता येत नाही. तुमच्या भूवैज्ञानिकांच्या "खात्री देता येणार नाही" या वाक्यात एवढंच दडलेलं आहे. त्यांनी ते उलगडून सांगितलं नाही, ही मात्र त्यांची उणीव. आमच्या व्यवसायातले पुष्कळजण शंका सांगतात आणि ती कशाबद्दल आहे हे सांगायचं राहून जातं. मग ऐकणाऱ्याला वाटतं, याला काहीच माहीत नाही.

हाच माणूस, हीच जागा, फक्त प्रश्न बदला. "इथे बोअर घेऊ का" ऐवजी "इथे पंचवीस फूट व्यासाची विहीर खोदू का" असं विचारा. त्याच्या आवाजातला फरक तुम्हाला लगेच कळेल. एवढ्या रुंद खड्ड्याला दहा भेगा भेटतात, एखादी कोरडी असली तरी काम अडत नाही, आणि कमी पडलंच तर तळातून आडवे बोअर घेता येतात. ज्ञान तेवढंच राहिलं, खात्री वाढली. खात्री माणसाच्या स्वभावात असते असं आपण धरून चालतो. ती निम्मी तरी प्रश्नात असते.

ज्या यंत्रावर सगळ्यांची भिस्त असते त्याचंही सांगतो. जमिनीत चार खुंट्या एका रेषेत ठोकतात, बाहेरच्या दोहोंतून वीज सोडतात, आतल्या दोहोंत विजेचा दाब मोजतात आणि त्यावरून खडकाचा विद्युतरोध काढतात. बाहेरच्या खुंट्या लांब लांब नेत गेलं की वीज अधिकाधिक खोलवर जाते. उन्हाळ्यात खुंटीच्या बुडाशी तांब्याभर पाणी ओतावं लागतं, नाहीतर कोरड्या मातीत वीज उतरतच नाही. घट्ट पाषाणाचा रोध जास्त, पाण्याने भरलेल्या भेगाळ खडकाचा कमी. इथवर सोपं आहे. अडचण अशी की गेरूचाही रोध कमी येतो, काळ्या चिकण मातीचाही कमी येतो आणि खाऱ्या पाण्याचाही कमी येतो. यंत्र "रोध कमी आहे" एवढंच सांगतं, "पाणी आहे" असं कधीच सांगत नाही. शिवाय पातळ पण फार कमी रोधाचा थर आणि जाड पण थोड्या कमी रोधाचा थर, दोघांचा आलेख हुबेहूब सारखा येऊ शकतो. जवळून विजेची लाइन गेली असेल, तारेचं कुंपण असेल, जुन्या बोअरचं लोखंडी केसिंग असेल तर आकडे बिघडतात ते वेगळंच.

नवशिक्याला आलेख खाली झुकला की पाणी दिसतं. मुरलेला माणूस त्याच झुकावाकडे बघून विहिरीतली तांबडी पट्टी आठवतो आणि विचारतो, हा गेरू तर नसेल? ही शंका त्याला पुस्तकाने आणि कोरड्या गेलेल्या बोअरांनी शिकवलेली असते. जिला शंका घ्यायला जागाच माहीत नाही त्या खात्रीला मी खात्री म्हणत नाही.

पाणाड्याकडे वळू. त्याला लबाड म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. मी भेटलेले बहुतेक पाणाडे मनापासून काम करणारे होते, काहीजण पैसेही घेत नसत. नारळ उभा राहतो तो त्यांनी मुद्दाम केलेला नसतो, बेळकं, म्हणजे दोन हातांत धरलेली दुफाट्याची काठी, फिरतं ते त्यांना खरोखर हाताला ओढ लागल्यासारखं जाणवतं. इंग्लंडमध्ये १८५३ साली मायकेल फॅरेडे यांनी अशाच एका गोष्टीचा छडा लावला होता. माणसं टेबलाभोवती हात टेकून बसत आणि टेबल आपोआप फिरे, अशी तेव्हा सर्वत्र चर्चा होती. फॅरेडेंनी हात आणि टेबल यांच्यामध्ये एकमेकांवर सरकणारे पुठ्ठ्यांचे थर ठेवले आणि दाखवून दिलं की आधी हात सरकतात, मग टेबल. हात सरकल्याचं दाखवणारा काटा डोळ्यांसमोर ठेवला तेव्हा टेबल फिरायचं थांबलं. त्या माणसांना आपण ढकलतोय याची कल्पनाच नव्हती. ताणून धरलेलं बेळकं किंवा तळहातावर कसाबसा तोललेला नारळ मनगटाच्या इतक्या बारीक हालचालीने फिरतो की ती हालचाल करणाऱ्यालाही समजत नाही. म्हणून त्याची खात्री प्रामाणिक असते. प्रामाणिक असली म्हणजे बरोबर असते असं मात्र नाही.

१९८० च्या दशकात जर्मनीत म्युनिकजवळ एका गोदामात याची मोठी परीक्षा झाली. खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप गाडीवर ठेवून दहा मीटरच्या रेषेवर कुठेही सरकवत, आणि वरच्या मजल्यावरून पाणाड्याने त्याची जागा सांगायची. प्राथमिक चाचणीत उजवे ठरलेले ४३ जण निवडले होते, चाचण्या ८४३ झाल्या. प्रयोग करणाऱ्यांना त्यांत काही जणांची विद्या खरी वाटली. पुढे जिम एनराइट या शास्त्रज्ञाने तेच आकडे पुन्हा तपासले तेव्हा दिसलं की एखादा डोळे मिटून दर वेळी "रेषेच्या मध्यावर" असं सांगत बसला असता तरी जवळजवळ तेवढंच जमलं असतं.

मग गावात पाणाड्याचं नाव कसं होतं? कारण त्याचं पुष्कळदा खरं ठरतं. ओढ्याकाठच्या सखल शेतात, मुरूम जाड असलेल्या जागी, कुठेही बोअर घ्या, थोडंफार पाणी लागतंच. पाणाड्याने दाखवलेल्या जागेपासून तीस फुटांवर दुसरा बोअर घेऊन कुणी पडताळा पाहत नाही, कारण दुसऱ्या बोअरचे पैसे कोण देणार? पाणी लागलं तर पाणाड्याची कीर्ती. कोरडा गेला तर "दिशा थोडी चुकली", "गाडीवाल्याने जागा सरकवली", "नशीब". आणि पाणी लागलं याचा अर्थ तरी काय? ऑगस्टमध्ये बोअर मारणाऱ्या गाडीच्या हवेच्या दाबावर उसळलेलं पाणी आणि एप्रिलमध्ये मोटरीवर टिकलेलं पाणी यांत फार अंतर असतं. जिथे चूक कधी चूक म्हणून नोंदलीच जात नाही, तिथे खात्री वर्षागणिक वाढत जाते. ज्ञान मात्र जागच्या जागी राहतं.

याला एक अपवाद मी मानतो. काही जुने पाणाडे नारळाआधी शेत फिरून बघतात. उंबर कुठे आहे, वारूळ कुठे आहे, उन्हाळ्यात गवत कुठे हिरवं राहतं, ओढ्याचा उतार कसा आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत पाणी शोधण्यावर दकार्गल नावाचा अख्खा अध्याय लिहिला, त्यातही अशीच झाडं आणि वारुळं येतात. त्यातलं सगळं आज टिकतं असं नाही, पण उंबरासारखी पाण्याच्या कडेने वाढणारी झाडं उथळ ओलाव्याची खूण म्हणून आम्हीही बघतो. अशा माणसाकडे खरं निरीक्षण असतं. दुर्दैव एवढंच की तो स्वतः श्रेय नारळाला देतो.

हे सगळं पाणाड्याबद्दल बोलून मी आमच्या लोकांना मोकळं सोडणार नाही, कारण नेमका तोच रोग शिकलेल्यांना जडतो. किती भूवैज्ञानिक जागा दाखवल्यावर पुढच्या एप्रिलमध्ये फोन करून विचारतात की पाणी टिकलं का? हवामानाचा अंदाज सांगणाऱ्यांकडे बघा. अमेरिकेच्या हवामान खात्याने १९६० च्या दशकात पावसाची शक्यता टक्क्यांत सांगायला सुरुवात केली. ७० टक्के म्हटलेल्या दिवसांपैकी खरोखर किती दिवशी पाऊस पडला हे तपासता येतं, आणि दुसऱ्याच दिवशी उत्तर समोर असतं. असं रोज तपासून घेतलं की माणसाची खात्री आणि वस्तुस्थिती एकमेकींच्या जवळ येतात. आमच्या कामात उत्तर कळायला वर्ष जातं आणि ते कळवायला कुणी येत नाही. म्हणून ज्याच्याकडे वही आहे तोच भूवैज्ञानिक खरा, असं मी मानतो. वहीत जागा, खोली, काय सांगितलं होतं, काय निघालं, मे महिन्यात काय राहिलं, आणि कोरडे गेलेलेही बोअर. अशी वही ठेवणारा "दहातले सहा लागतील" म्हणतो तेव्हा त्या सहाला वजन असतं. वही न ठेवणाऱ्याचे साठ टक्के म्हणजे नारळच, फक्त आकड्यात.

अलीकडे तिसराच प्रकार आला आहे. पेटीएवढं डिजिटल यंत्र आणतात, तासाभरात मोबाइलवर रंगीत नकाशा येतो, निळा पट्टा म्हणजे पाणी, आणि कागदावर खोलीचा आकडा छापून मिळतो. यांतली काही यंत्रं शास्त्रावरच चालतात. पण गेरू, चिकणमाती आणि पाणी यांतला गोंधळ रंग भरल्याने मिटत नाही, तो निळ्या रंगाखाली झाकला जातो. शेतकऱ्यांची फसगत होताना सगळ्यात जास्त मी याच कागदावर पाहिली आहे, कारण त्यावर शंकेला जागाच ठेवलेली नसते. पाणाड्याच्या बोलण्यावर मुलगा तरी प्रश्न विचारतो. छापील कागदावर तोही विचारत नाही.

आणखी एक लक्षात घ्या. खात्री मुलखाप्रमाणे बदलली पाहिजे. जळगावकडे रावेर, यावलच्या तापीकाठच्या गाळात खाली वाळूचे थर आहेत. तिथे "पाणी आहे का" याबद्दल कुणी फारसा घोळ घालत नाही, ते उपशाने किती खाली गेलंय एवढाच प्रश्न. अकोला, अमरावतीच्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात पाणी लागतं, पण गोड की खारं ही शंका. कोकणात जांभ्यात पावसाळ्यात विहीर काठोकाठ भरते, फेब्रुवारी-मार्चला तळ दिसतो, म्हणजे शंका टिकण्याबद्दल. धुळे, नंदुरबारकडे बेसॉल्टला चिरत गेलेल्या खडकाच्या उभ्या भिंती आहेत. अशी भिंत पाणी अडवते तर एका बाजूच्या विहिरी भरलेल्या आणि पलीकडच्या कोरड्या. ती स्वतः भेगाळलेली असेल तर उलट तिच्यातच पाणी मिळतं. जो माणूस या सगळ्या मुलखांत एकाच सुरात, एकाच खात्रीने बोलतो, त्याला खडक दिसत नाहीये.

तर वडिलांनी काय करावं? भूवैज्ञानिकांना पुन्हा फोन लावावा आणि "खात्री द्या" असं म्हणू नये. त्या आग्रहाने भला माणूसही खोटं बोलायला लागतो. त्याऐवजी विचारावं: तुम्हाला नक्की काय माहीत आहे आणि शंका नेमकी कशाची आहे? कोणत्या थरावर पाणी अपेक्षित आहे, किती फुटांवर? तो थर ओलांडून कोरडंच राहिलं तर थांबायचं कुठे? थोड्या खर्चात शंका कमी करण्याचा काही मार्ग आहे का? चांगला माणूस या चारही प्रश्नांची सरळ उत्तरं देतो. शेवटच्या प्रश्नावर तो बहुधा तुम्हालाच कामाला लावेल. आसपासच्या दहा-बारा बोअरवाल्यांना विचारून या म्हणेल, पाणी कितीला लागलं, आता किती आहे, आणि मुख्य म्हणजे कोणाचे बोअर कोरडे गेले. ते लोक आपणहून सांगत नाहीत, विचारावं लागतं.

थांबायचं कुठे, हा आकडा गाडी शेतात यायच्या आधी ठरवून घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. रात्री दोन वाजता, दोनशे फुटांवर फुफाटा उडतोय, गाडीवाला म्हणतो "अजून पन्नास मारू, इथवर आलोय तर", तेव्हा कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. त्याला फुटाप्रमाणे पैसे मिळतात, हे त्याच्यावर राग न धरता लक्षात ठेवा. बेसॉल्टमध्ये खोल जावं तशा भेगा कमी आणि आवळलेल्या होत जातात. खोलवर पाणी लागल्याची उदाहरणं आहेत, पण ती गावभर सांगितली जातात आणि खोलवर काहीच न लागलेली सांगितली जात नाहीत. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यानेही ६० मीटरच्या, म्हणजे सुमारे २०० फुटांच्या पुढे जाण्यावर बंधनं घातली आहेत.

आणि बोअर चालू असताना एक काम मुलाकडे द्या. दर दहा फुटांना बाहेर येणारा चुरा मूठभर घेऊन कागदावर ओळीने ठेवायचा आणि खोली लिहायची. राखाडी काळा, तांबूस, पांढरे ठिपके असलेला, ओला, कोरडा. पहिला ओलावा कितीला आला, पाणी कितीला वाढलं, हातोडा कुठे सुळकन खाली गेला, तेही. बोअर कोरडा गेला तरी हे लिहायचं सोडू नका, तेव्हा तर जास्तच गरज आहे. तो कागद भूवैज्ञानिकांना दाखवा, त्यांच्या अंदाजाशेजारी ठेवून बोला, आणि एक प्रत शेजारच्या शेतकऱ्याला द्या. पुढच्या वर्षी तोही बोअर घेणार आहे.